‘जैसे थे’ म्हणजे कुणाचे? महाडच्या तळ्याचा दावा पुन्हा वाचताना

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

मागच्या महिन्यात व्याख्यान संपल्यावर जिन्यात एका तरुण वकील बाईंनी आम्हाला गाठलं. इथेच, अलिबागच्या न्यायालयात त्या काम करतात. म्हणाल्या, ‘सर, तुम्ही तासभर नीतीवर बोललात. आता साधं सांगा. समोरचं कोर्ट एका बाजूला झुकलेलं आहे हे ओळखायचं कसं? आणि ओळखलं, की तडजोडीला बसायचं की लढत राहायचं?’ आम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आम्ही कायद्याचे नाही, तत्त्वज्ञानाचे. निकालपत्र आम्ही एखाद्या ग्रंथासारखं वाचतो: काय म्हटलंय, आणि काय म्हणायचं टाळलंय. तेव्हा आज एकच दावा वाचायचा आहे. तो आपल्याच जिल्ह्यातला. महाडच्या चवदार तळ्याचा.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. पक्षपात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा माणूस येतो. न्यायाधीशाचा मेहुणा पक्षकार आहे, पाकीट पोचलंय, जात एक आहे. हे पक्षपात असतातच, आणि कायद्याला ते बऱ्यापैकी ओळखता येतात. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रायपाक प्रकरणात एक निवड रद्द केली. जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातला एक अधिकारी स्वतः उमेदवार होता आणि निवड मंडळावरही होता. स्वतःच्या नावाची चर्चा निघाली की तो उठून बाहेर जायचा. न्यायालय म्हणालं, बाहेर गेला म्हणून भागत नाही, प्रतिस्पर्ध्यांची नावं निघाली तेव्हा तो आत बसला होता. मनात खरोखर वाकडं होतं का, हे सिद्ध करायची गरज नाही. तशी वाजवी शक्यता दिसली की पुरे. उत्तम कसोटी आहे. पण ती खुर्चीवरच्या माणसाला लागू पडते. खुर्ची मांडतानाच जो कल पडलेला असतो, त्याचं काय?

१९०८ सालचा टिळकांचा राजद्रोहाचा खटला घ्या. न्यायासनावर न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर असताना टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते, आणि १९०८ मध्ये त्यांनीच जामीन नाकारला. या योगायोगावर आपल्याकडे फार शाई खर्च झालीय. आम्हाला विचाराल तर दावरांना खलनायक करून आपण स्वस्तात सुटतो. ज्यूरी पाहा. नऊ जण, सात युरोपियन, दोन पारशी. निर्णय सात विरुद्ध दोन. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठी, आणि पुरावा म्हणून पुढे आलं ते त्यांचं इंग्रजी भाषांतर. टिळक एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला बराच वेळ या मराठी शब्दाला तो इंग्रजी शब्द होत नाही, हे समजावण्यात गेला. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या भाषेत गुन्हा होऊन समोर येतं, आणि तिथून मागे यायचं ओझं आरोपीवर. इथे ज्यूरीतला प्रत्येक माणूस व्यक्तिशः सज्जन असता तरी कल तोच राहिला असता. म्हणून आम्ही म्हणतो, पक्षपात शोधताना न्यायाधीशाच्या चेहऱ्याकडे कमी पाहा. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला गेला आणि सिद्ध करायचं ओझं कुणावर टाकलं, ते आधी पाहा.

आता महाड. तारखा थोड्या सांगाव्या लागतील, कारण या दाव्याचा सगळा अर्थ तारखांमध्येच दडलाय.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा, म्हणजे आपल्या रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला: सार्वजनिक खर्चाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात कुणी पाण्याला गेलं नाही, कारण जाऊ देणार कोण? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली, मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने स्वतःचा १९२४चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद आणि सत्याग्रह जाहीर झाला. तेव्हा गावातल्या सवर्ण मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, की हे तळं आमच्या वहिवाटीचं, अस्पृश्यांना तिथे येण्याचा हक्क नाही. १४ डिसेंबर १९२७ला तूर्तातूर्त मनाईहुकूम निघाला: दाव्याचा निर्णय होईपर्यंत प्रतिवादींनी तळ्यावर जायचं नाही.

इथे थांबू या.

तूर्तातूर्त मनाईची कल्पना चांगली आहे. दोघं भांडतायत, निर्णयाला वेळ आहे, तोवर कुणी काही मोडू-तोडू नये. ‘जैसे थे’ ठेवा. वकील मंडळी हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतात आणि कुणालाच तो शब्द पक्षपाती वाटत नाही. तराजूचा काटा मध्ये धरून ठेवावा तसं काहीतरी वाटतं. पण प्रश्न असा, की कोणत्या दिवशीचं ‘जैसे थे’? जानेवारी १९२४ची स्थिती धरली तर तळं खुलं आहे. २० मार्च १९२७च्या दुपारची धरली तर तळं नुसतं खुलं नाही, त्यातलं पाणी प्यायलंही गेलंय. ४ ऑगस्टनंतरची धरली तर ठराव मागे घेतलाय, पण तळं नगरपालिकेचंच आहे. आणि त्याहून मागची, आजोबा-पणजोबांपासूनची धरली, तर तळं बंद. चार तारखा, चार ‘जैसे थे’. न्यायालयाने त्यातलं एक निवडलं, आणि निवडलंय हे कुठे म्हटलं नाही. कारण ते निवडल्यासारखं वाटलंच नसणार. गावात राहणाऱ्या कुठल्याही सुशिक्षित माणसाला ‘नेहमीची स्थिती’ म्हणजे काय, हे विचारण्याची गरज भासत नव्हती. वादींचं नुकसान म्हणून धरलं ते बाट लागण्याचं. प्रतिवादींना डिसेंबराच्या थंडीत, आणि पुढे वैशाखातही, पाण्याला दूर जावं लागेल, हे नुकसान तराजूत चढलंच नाही. ते तर ‘जैसे थे’मध्ये धरलेलं होतं.

पक्षपात म्हणतो तो हा. शिवीगाळ नाही, लाच नाही. अगदी सभ्य, कायदेशीर शब्द.

आंबेडकरांना हे दिसत होतं का? मार्चच्या मारहाणीबद्दल जूनमध्ये काही जणांना शिक्षा झाल्या. त्यावेळी आंबेडकर म्हणाले होते, की जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणूनच हा न्याय मिळाला, असं धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलंय. म्हणजे दिसत होतं, आणि ते बोलूनही दाखवत होते. आणि तरी पुढे त्यांनी याच मनाईहुकुमापुढे सत्याग्रह थांबवला. हे कसं लावायचं?

आता एक कबुली. आम्ही बरीच वर्षं वर्गात प्लेटोचा ‘क्रायटो’ शिकवला. सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय, मित्र क्रायटो म्हणतो पळून चल, आणि सॉक्रेटिस म्हणतो, कायद्याचा निर्णय चुकीचा असला तरी मी मोडणार नाही. हे शिकवताना आम्ही हटकून महाडचं उदाहरण द्यायचो. पाहा, आंबेडकरांनीही अन्याय्य हुकूम पाळला, कायद्यावरची निष्ठा. विद्यार्थ्यांना आवडायचं, आम्हालाही आवडायचं. एके वर्षी मागच्या बाकावरचा पोलादपूरकडचा एक मुलगा उठला. म्हणाला, ‘सर, सॉक्रेटिसला अथेन्स आपला नागरिक मानत होतं. त्याने सत्तर वर्षं त्या कायद्यांचा फायदा घेतला, म्हणून ते कायदे त्याला जाब विचारू शकतात. महाडच्या तळ्याने या लोकांना काय दिलं होतं?’ आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. तास संपला. उदाहरण चुकीचं होतं, हे मान्य करायला आम्हाला पुढे बरीच वर्षं लागली.

चूक कुठे होती? आम्ही आज्ञापालन वाचत होतो. तिथे झाली होती ती वाटाघाट. म्हणून परिषदेतले ते तीन दिवस नीट पाहू.

मुंबईहून मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघाली, सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरली. तिथून महाड पायी. बहुतेक प्रतिनिधी तुरुंगात जायच्या तयारीने आलेले. २५ डिसेंबरच्या रात्री सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावाप्रमाणे मनुस्मृतीचं दहन झालं. लक्षात घ्या, पाण्याचा प्रश्न न्यायालयात होता. मनुस्मृतीचा प्रश्न कुणाच्याही मनाईहुकुमात नव्हता. जिथे हात बांधलेले नव्हते तिथे काम थांबवलं नाही. मग जिल्हाधिकारी परिषदेत आले, हुकूम मोडू नका म्हणाले. आणि २७ तारखेला आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. कारण सांगितलं ते असं: प्रतिपक्षाने हुकूम मिळवून भांडण आपलं आणि सरकारचं करून टाकलंय; सवर्ण बाजूला राहतील आणि आपल्याला एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढावं लागेल. तो डाव त्यांना यशस्वी होऊ द्यायचा नाही.

आता यात दिलं काय? एक तारीख. काय दिलं नाही? वहिवाट मान्य केली नाही. दावा कमकुवत होईल असं एकही वाक्य लिहून दिलं नाही. ‘तुम्हाला वेगळी विहीर देतो, मिटवा’ हा तोडगा त्या काळात गावोगाव निघत असे. त्या वाटेने हे प्रकरण गेलं नाही. आणि हे कसं ठरलं? ज्यांना तुरुंगात जायचं होतं, ज्यांची निराशा होणार होती, त्यांच्यासमोर, कारणांसकट. वकिलाने अशिलाच्या वतीने काय सोडावं आणि काय सोडू नये, याचा इतका स्वच्छ नमुना आम्हाला दुसरा माहीत नाही. वेळ सोडता येते, जागा सोडता येते, क्रम सोडता येतो. हक्क अशिलाचा असतो; तो वकिलाच्या खिशातला नसतो.

मात्र भक्तिभावाने वाचायचं नाही, हे आपण ठरवलंय. तेव्हा एक अडचण मांडतो. आंबेडकर त्या दाव्यात पहिले प्रतिवादी होते, बॅरिस्टर होते, आणि चळवळीचे नेतेही. तीन भूमिका एकाच माणसात. नेत्याला वाटतं आज जिंकावं, वकिलाला वाटतं दाव्याला धक्का लागू नये. आज एखादा वकील अशा स्थितीत असता तर आम्ही त्याला म्हणालो असतो, बाबा रे, तुझा सल्ला कुणाच्या हिताचा, हे तुलाच कळणार नाही, दुसऱ्याला विचार. दासगावहून चालत आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल? तिच्या वतीने बॅरिस्टराचा हिशोब केला गेला, आणि तो हिशोब चुकला असता तर किंमत तिने मोजली असती. हिशोब पुढे बरोबर निघाला. मनाईहुकूम त्याच न्यायालयाने २३ फेब्रुवारी १९२८ला उठवला. दोन्ही बाजू ऐकल्यावर. यातून वकील बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं: कोर्ट झुकलंय हे दिसलं म्हणून त्याच्यापुढे युक्तिवाद करणं सोडायचं नसतं. हुकूम देताना झुकलेलं न्यायालय ऐकून घेतल्यावर सरळ होऊ शकतं. नेहमी होतं असं नाही. पण न्यायाधीशाला मनातून दुष्ट ठरवून टाकलं की आपला युक्तिवादही आपोआप आळशी होतो.

दावा मात्र चालू राहिला. महाडच्या न्यायालयाचा निकाल जून १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा जानेवारी १९३३ मध्ये, उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी. पाणी प्यायल्याला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी. तिन्ही ठिकाणी वादी हरले. पण तिन्ही ठिकाणी एकाच कारणाने नव्हे, आणि आमच्या दृष्टीने या दाव्यातली सगळी मौज, आणि सगळी खंतही, तिथे आहे.

महाडच्या न्यायाधीशांनी म्हटलं, तळं नगरपालिकेचं आहे. अस्पृश्यांना वगळून पाणी वापरण्याची दीर्घ वहिवाट आहे, हे सिद्ध झालंय. पण एकाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याला अडवण्याचा हक्क मिळत नाही. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ झालो. ‘आहे’ यावरून ‘असावं’ निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमचं म्हणणं आम्ही तीस वर्षं शिकवलं. आणि इथे कुलाबा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एका दुय्यम न्यायाधीशाने ह्यूमचं नावही न घेता त्यावर निकाल दिलाय. गावाच्या मध्यभागी बसून, जिथे त्यालाही रोज बाजारात जायचं होतं.

उच्च न्यायालयाने वेगळी वाट घेतली. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचं. हो, तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि देताना आदरही व्यक्त केला. त्यांनी विचारलं: ही रूढी स्मरणापलीकडची, अनादी आहे का? वादींनी ते दाखवलंय का? आणि उत्तर दिलं, नाही. युक्तिवाद मोठा चलाख आहे. तळं एवढं मोठं; त्याच्याभोवती सवर्णांची घरं उभी राहण्याआधी कुणी तिथे दुसऱ्याला अडवायला कशाला बसलं असेल? म्हणजे वगळण्याची रूढी घरांइतकीच जुनी, तळ्याइतकी नाही. देवळांच्या प्रवेशाचे जुने निवाडे वादींना तारू शकले नाहीत. देऊळ विशिष्ट जातींसाठी अर्पण झालं असेल असं गृहीत धरता येतं, उघड्या तळ्याला ते लागू होत नाही.

यात ओझं कुणावर टाकलं, ते बघितलंत? डिसेंबर १९२७च्या हुकुमाने अस्पृश्यांवर टाकलेलं ओझं इथे उचलून वादींवर ठेवलं. तुम्ही वगळता ना, मग वगळण्याचा हक्क तुम्ही सिद्ध करा. एवढ्या एका हालचालीने दावा कोसळला. न्यायाधीशाच्या मनात अस्पृश्यांबद्दल किती कळवळा होता याचा निकालपत्रात पत्ता लागत नाही, आणि लागायची गरजही नाही.

पण मग शेवटाकडे एक वाक्य येतं, कंसात टाकल्यासारखं. वादींनी रूढी सिद्ध केली असती, तर ती वाजवी आहे का, लोकनीतीच्या विरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. मात्र तो मुद्दा खालच्या न्यायालयांत नीट मांडलेला नव्हता. अशा आशयाचं. आणि पुढे अपील फेटाळलं.

आमचा आक्षेप या वाक्यावर आहे. या वाक्याचा अर्थ काय होतो? की घरं दोनशे वर्षं आधी बांधली गेली असती, साक्षीदार जरा बरे मिळाले असते, एखादा जुना कागद निघाला असता, तर माणसाने माणसाला पाण्यापासून दूर ठेवणं कदाचित कायदेशीर ठरलं असतं. तळं मिळालं ते वादींचा पुरावा कच्चा होता म्हणून. अन्याय जुना असता तर टिकला असता. तो पुरेसा जुना नव्हता, एवढंच त्याचं चुकलं! न्यायालयाच्या बाजूने बोलायचं तर, आवश्यक तेवढंच ठरवावं ही न्यायालयांची चांगली शिस्त आहे, आणि ती आम्हाला मान्य आहे. शिवाय मुद्दा मांडला नव्हता हा दोष न्यायाधीशांचा नाही. तो प्रतिवादींच्या कैफियतीचा, म्हणजे आपल्या बाजूचा. का मांडला नसेल? आमचा तर्क असा, की १९२७च्या हवेत ‘ही रूढी अनीतीची आहे’ म्हणणं म्हणजे कोर्टाला धर्माच्या प्रश्नात ओढणं. त्यापेक्षा ‘तळं नगरपालिकेचं, हक्क सिद्ध करा’ ही अरुंद वाट पक्की. वकिलाने अशिलासाठी पक्की वाट निवडावी की पूर्ण न्यायाची? या प्रश्नावर आमचं मत अजून हलतं. पाणी प्यायचं असेल तर अरुंद वाट बरोबर. पण अरुंद वाटेने जिंकताना न विचारलेला प्रश्न मागे पडून राहतो, आणि तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो.

तो पुढे लिहिला गेला. संविधानाचा अनुच्छेद १३ काढून पाहा. मूलभूत हक्कांशी विसंगत ‘कायदा’ रद्दबातल, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही येतात, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी आहेत. १७ सगळ्यांना माहीत असतो, म्हणून आम्ही मुद्दाम १३कडे बोट दाखवतो. रूढी किती जुनी, हा प्रश्नच त्याने गैरलागू केला. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणजे त्या दाव्यातले पहिले प्रतिवादी.

आता तडजोडीच्या टेबलाकडे येतो. ते टेबल आपल्या किनाऱ्यावर रोज मांडलं जातं. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्यांना भाव आलाय, मुंबईचं गिऱ्हाईक दारात उभं, आणि सातबारावर बहिणींची नावं. मग हक्कसोडपत्र. हे उदाहरण आम्ही दुसऱ्याच्या घरातलं देऊ शकलो असतो. पण ते आमच्या घरातलं आहे.

वडील गेल्यावर नारळ-पोफळीची छोटी वाडी होती. आम्ही दोघे भाऊ आणि थोरली आक्का. १९५६च्या कायद्याने मुलगी वडिलांची वारस होती, हे आम्हाला माहीत होतं. नीतिशास्त्र शिकवत होतो आम्ही. वकील एकच, तिघांना मिळून. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत ते आक्काला म्हणाले, ‘ताई, काही नाही, नुसती सही आहे.’ आक्काने सही केली. आम्ही तिला चहा पाजला, नवी साडी दिली. सगळं कायदेशीर. जबरदस्ती नाही, खोटं बोलणं नाही. पुष्कळ वर्षांनी बोलता बोलता ती म्हणाली, ‘अरे, मी दिलीच असती. पण मला कुणी विचारलंच नाही. सही कर म्हणालात सगळे, विचारलं नाही.’

महाडचा मनाईहुकूम आणि ती कचेरी, यांची बरोबरी आम्ही करत नाही; एका बाजूला माणूसपणच नाकारलेलं होतं. पण रचना ओळखीची आहे. बहिणीने सही करायची हे ‘जैसे थे’. सही मागणाऱ्या भावाला कारण द्यावं लागत नाही, ती रीत. न देणाऱ्या बहिणीला कारण द्यावं लागतं, ती भांडखोर. माहेर तुटेल हे टेबलावर कुणी उच्चारत नाही, उच्चारायची गरजच नसते. ओझं आधीच टाकलेलं असतं.

‘नुसती सही आहे’ या वाक्याला आपल्या न्यायदर्शनात नाव आहे. छल. वात्स्यायन उदाहरण देतो: कुणी म्हणालं ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, आणि समोरचा मुद्दाम ‘नऊ घोंगड्या’ असा अर्थ घेऊन म्हणतो, कुठे आहेत नऊ? शब्द खरा, अर्थ फिरवलेला. न्यायसूत्रं चर्चेचे तीन प्रकार सांगतात. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. छल जल्पात चालतो, वादात चालत नाही. कोर्टातली उलटतपासणी जल्पाच्या जवळची आहे, हे आम्ही मान्य करतो. समोर तितकाच तयार वकील असतो, वर न्यायाधीश असतो. तडजोडीच्या टेबलावर ते दोघेही नसतात. म्हणून तिथे छलाची मोकळीक कमी हवी. प्रत्यक्षात ती जास्त घेतली जाते.

वकिलांच्या नियमांत याची जाणीव आहे. समोरच्या पक्षकाराचा वकील असेल तर त्या वकिलाला वगळून थेट पक्षकाराशी तडजोडीचं बोलू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मिळकतीत वाटा ठरवून फी घेऊ नये, असाही आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमालयन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात बजावलं, की अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचा हक्क सोडून देणारी कबुली देऊ नये. पण ज्याला वकीलच नाही त्याच्याशी बोलताना काय? आक्काला वेगळा वकील नव्हता. नियम तिथे गप्प बसतात, आणि छल तिथेच बसलेला असतो.

तेव्हा वकील बाईंना आमचं उत्तर. कोर्ट झुकलंय असं वाटलं तर न्यायाधीशाबद्दल बोलू नका, हुकुमाबद्दल बोला. १९६७ साली ई. एम. एस. नंबुद्रिपाद न्यायाधीशांच्या वर्गीय कलाबद्दल सरसकट बोलले आणि अवमानाच्या दंडाला पात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने दंड हजाराचा पन्नास रुपये केला, पण दोष कायम ठेवला. त्यांचं म्हणणं चूक होतं असं आम्हाला पूर्णपणे वाटत नाही. पण त्याने एकाही हुकूमनाम्यातली एकही ओळ बदलली नाही. ‘साहेब, आपण कोणत्या तारखेचं जैसे थे धरलंत?’ हे विचारता येतं. ‘हे सिद्ध करायचं ओझं आमच्यावर का?’ हेही विचारता येतं. उत्तर मिळालं नाही, तर तो प्रश्न लेखी अर्जात घाला, वरच्या कोर्टाला वाचायला मिळू दे. आणि खुर्चीवरच्या माणसाचाच संबंध गुंतलेला असेल, तर खटला दुसरीकडे वर्ग करून मागा, संकोच करू नका.

तडजोडीला बसा. जरूर बसा, दहा वर्षं सगळ्यांना परवडत नाहीत. पण उठण्यापूर्वी आपल्या अशिलाला, आणि समोर वकील नसलेली आक्का बसली असेल तर तिलाही, एवढं सांगा, की या कागदात काय सुटतंय आणि कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही. फी कमी होईल कदाचित. भाऊ रागावतील, हे नक्की. आम्हीही रागावलो असतो.

त्या बाई आज आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत दिसतायत. पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. माइक द्या जरा तिकडे.